आतली खोली की गॅलरीची

१

क्रूझवर गॅलरीची खोली घ्यायची की आतली, एवढाच प्रश्न होता. त्यावरून आमच्या घरात तीन दिवस धुसफूस चालली होती.

मी मे महिन्यात जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले. आमचा मुलगा बंटी पुण्याला असतो. त्यानं मला आणि त्याच्या पप्पांना मुंबईहून निघणाऱ्या जहाजाची सहल भेट दिली. "मम्मी, चार रात्री, पाच दिवस. खोली कोणती ते तुमचं तुम्ही ठरवा, मी मधे पडत नाही," असं म्हणून तो मोकळा झाला. आता हिंगोलीच्या माणसानं समुद्र बघितलेला असतो कुठं? आमचं पाणी म्हणजे सिद्धेश्वरचं धरण. तेही मी शाळेची सहल नेली तेव्हा पोरं मोजता मोजता बघितलेलं.

सहलीचं काम मुबश्शीरभाईंकडे होतं. ते कळमनुरीचे. गेल्या वर्षीच त्यांनी हिंगोलीत ऑफिस टाकलं. एरवी मक्केला उमराहच्या सहली लावतात, पण जहाजाचंही त्यांनी नीट समजावून सांगितलं. "देखो मॅडम, आतली खोली म्हणजे चार भिंती. खिडकी नाही. दिवस की रात्र, कळत नाही. गॅलरीच्या खोलीला काचेचं सरकतं दार, भायेर दोन खुर्च्या, समोर दर्या. फरक बराबर समजून घ्या, मग सांगा."

मला काय समजून घ्यायचं होतं? मला गॅलरीच पाहिजे होती. गॅलरीचा मला सोस आहे, लपवत नाही. घर बांधलं तेव्हा मिस्त्रीशी भांडून रस्त्याच्या अंगाला गॅलरी काढून घेतली ती मीच.

पण आमचे हे ऐकेनात. हे म्हणजे भीमराज, एस.टी.तून कंट्रोलर म्हणून निवृत्त झालेले. आयुष्यभर दुसऱ्यांना गाड्यांत बसवलं, स्वतः कुठं गेले नाहीत. जेवताना म्हणाले, "झोपायलाच तर लागती खोली. खिडकी कशाला पायजे?"

माझा हात वरणाच्या पळीवर तसाच राहिला. ते वाक्य माझं होतं, शब्दन् शब्द. चार वर्षांपूर्वी मधल्या खोलीच्या दारात उभी राहून मी ते त्यांच्या आईला म्हटलं होतं. भीमराज भाकरी कुस्करत होते, त्यांनी मान वर केली नाही. मी त्यांना न विचारताच वरण वाढलं.

२

गुरुवारी आम्ही सेनगावला लग्नाला गेलो. घाईत माझा फोन घरीच राहिला, मधल्या खोलीत चार्जिंगला लावलेला. घराला कुलूप होतं आणि किल्ली माझ्या पर्समध्ये.

शुक्रवारी सकाळी मी एकटीच मुबश्शीरभाईंकडे गेले. म्हटलं, भीमराजांना न विचारता गॅलरी पक्की करून टाकू, मग बसू दे त्यांना तोंड फुगवून.

"मॅडम, तीन माणसांचं करायचं ना?" मुबश्शीरभाईंनी विचारलं.

"तीन कुठले? आम्ही दोघंच."

"मग अम्मा येत नाहीत?"

"कोण अम्मा?"

ते हसायला लागले. "काल दोपारी मी तुमच्या नंबरवर फोन लावला. तुमच्या सासूबाईंनी उचलला. मी म्हटलं, अम्मा, आतली पायजे का गॅलरीची? तर म्हणतात, 'आतल्या खोलीला भायेरून कडी लागती का, ते सांग आधी.' मी बोललो, फिकर नको अम्मा, जहाजावर दार आतूनच बंद होतं. तर म्हणतात, 'नीट इचारून सांग.' एवढे लोक येतात मॅडम, असं कुणीच विचारलं नव्हतं."

मीही हसले. तोंड आपोआप हसलं. "सासूबाई तीन वर्षांपूर्वी वारल्या," एवढंच म्हणायचं होतं. त्याऐवजी मी म्हणाले, "वय झालंय, काहीही बोलतात."

मेलेल्या माणसाचं वय! कसं सुटलं माझ्या तोंडातून कोण जाणे. पण मला तो विषय तिथंच मिटवायचा होता. त्या कडीचं जगात मला एकटीला माहीत होतं. निदान तेव्हा मी तसं धरून चालले होते.

रिक्षात बसल्यावर फोन काढून बघितला. गुरुवार, दुपारी दोन दहा. मुबश्शीरभाईंचा फोन, उचललेला. साडेतीन मिनिटं बोलणं झालेलं. दोन दहाला आम्ही सेनगावात मांडवाखाली जेवत होतो.

३

आम्ही बौद्ध माणसं. भूत, पितर, शांत, उतारा, असलं काही आमच्या घरात नाही. सासूबाई गेल्या तेव्हा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, वंदना झाली, बाबासाहेबांच्या फोटोपुढं मेणबत्ती लावली, संपलं. पस्तीस वर्षं पोरांना मी शिकवत आले की, न कळणाऱ्या गोष्टीला आधी साधं कारण शोधा. म्हणून मी साधं कारण शोधलं. भांडेवाली पंचफुला येऊन गेली असेल. पण तिच्याकडं किल्ली नसते. तरी विचारलं. ती म्हणाली, "बाई, तुमीच तर म्हणल्या व्हत्या, गुरुवारी येऊ नको."

आता सासूबाईंचं सांगते. सांगायची लाज वाटते, पण सांगते.

पद्माबाई त्यांचं नाव, मी आत्याबाई म्हणायची. तरुणपणी त्यांनी सिद्धेश्वरच्या धरणावर माती वाहिली होती. टाचांच्या भेगांत काळी माती अशी बसलेली की शेवटपर्यंत निघाली नाही. आमच्या नव्या घरात आल्यावर त्यांना गॅलरी फार आवडली. खुर्चीत पाय वर घेऊन, लुगडं गुडघ्यापर्यंत ओढून, गालात तंबाखू धरून दिवसभर बसायच्या. खालून जाणाऱ्या प्रत्येकाला हाक. "काय रं, कुणाचा तू? आमी गावकुसाभायेरचे. ह्या भिमाला धरणावर पाटीत निजवून माती वाहिली म्या. आता बघ, गॅलरी हाय त्याला!"

गल्ली हसायची. कौतुकानं हसायची, हे मला आता कळतं. तेव्हा मला वाटायचं, माझ्यावर हसतात. मी सरिता मॅडम. इस्त्रीची साडी, हातात घड्याळ, बोलणं शुद्ध. आणि माझ्याच गॅलरीतून रोज ही दवंडी.

मग मी त्यांचा पलंग मधल्या खोलीत हलवला. दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती, खिडकी नाही. त्या म्हणाल्या, "उजेड न्हाई गं हितं." तेव्हा मी ते वाक्य बोलले. झोपायलाच तर लागते खोली.

तरी त्या भिंतीला धरून धरून गॅलरीत यायच्याच. मग एप्रिलमध्ये एका रविवारी आमच्या मुख्याध्यापिका आणि शाळेतल्या चार बाया घर बघायला येणार होत्या. भीमराज ड्यूटीवर होते. बाया जिना चढत होत्या आणि मी मधल्या खोलीला बाहेरून कडी लावली.

थोड्या वेळानं आत्याबाईंनी दारावर स्टीलचा ग्लास वाजवायला सुरुवात केली. टक टक, थांबून टक. ही त्यांची बोलवायची पद्धत होती, नेहमीचीच. मुख्याध्यापिका बाईंनी विचारलं, "काय वाजतंय हो?" मी म्हटलं, "शेजारी काम चाललंय." आणि टीव्हीचा आवाज वाढवला. बाया दीड तास बसल्या. ग्लास कधी थांबला ते मला कळलं नाही.

बाया गेल्यावर कडी काढली. आत्याबाई दाराला पाठ लावून खाली बसल्या होत्या. त्यानंतर आठ महिने जगल्या, पण गॅलरीत एकदाही आल्या नाहीत. भीमराजांनी विचारलं, "माय काहून बसत न्हाई आता गॅलरीत?" मी सांगितलं, "त्यांना वारं सोसत नाही."

४

शुक्रवारी दुपारी मी मधल्या खोलीत गेले. तिथं आता जास्तीच्या गाद्या, कूलर आणि डाळीचे डबे असतात. फडताळात त्यांचा ग्लास अजून आहे, त्यावर नाव कोरलेलं, पद्माबाई. चार्जर लावतात ते बटण त्याच फडताळाखाली.

त्या रविवारी दाराला आतून ग्लासाच्या काठाच्या खुणा पडल्या होत्या, बसलेल्या माणसाचा हात पोचेल तेवढ्या उंचीवर. आत्याबाई गेल्यावर रंगारी लावून मी दार रंगवून घेतलं होतं. खुणा पुट्टी भरून बुजवल्या होत्या. आता तेवढ्याच जागेवरचा रंग उडाला होता. खाली फरशीवर रंगाचे पापुद्रे पडलेले.

कूलर आत ढकलताना घासला असेल, असं मी स्वतःला सांगितलं. मग वाकून बघितलं. कूलर गुडघ्याच्या खाली येतो, खुणा त्याच्या वर होत्या. मी केरसुणी आणली, पापुद्रे गोळा केले आणि भीमराज यायच्या आत कचऱ्यात टाकले. त्या दिवशीही बाया गेल्यावर मी आत्याबाईंना उठवायच्या आधी दाराखालची फरशीच पुसली होती, ते मला तेव्हा आठवलं.

५

शनिवारी सकाळी मुबश्शीरभाईंनी आम्हा दोघांना ऑफिसात बोलावलं. भिंतीवरच्या टीव्हीवर जहाजाच्या खोल्या दाखवणार होते. मला भीती एवढीच, की ते भीमराजांपुढं अम्माचा विषय काढतील. म्हणून मी खुर्चीत बसायच्या आतच "दाखवा, दाखवा, आम्हाला घाई आहे" अशी गडबड उडवून दिली.

आधी आतली खोली दाखवली. लांब बोळ, दोन्हीकडं सारखी दारं. एक दार उघडलं. पांढरा पलंग, आरसा आणि समोर पडदा. पडदा बाजूला केला तर मागं नुसती भिंत. लोकांना बरं वाटावं म्हणून लावतात म्हणे.

आणि मग वाजलं. टक टक, थांबून टक.

"ये क्या है?" मुबश्शीरभाईंनी रिमोट हातात घेतला. "कुणी बॅग ओढत असेल."

मी भीमराजांकडं बघितलं नाही. तेच म्हणाले, "मायसारखं वाजलं गं." त्यांचा आवाज एकदम बारीक झाला होता. "सरिता, माय गॅलरीत बसायची काहून बंद झाली व्हती?"

बघा, किती सोपं होतं. दार उघडंच होतं माझ्यापुढं. परक्या माणसासमोर नको, घरी जाऊन सांगू, असंही म्हणता आलं असतं. पण मी म्हणाले, "किती वेळा सांगू? वारं सोसत नव्हतं त्यांना."

भीमराजांनी मान हलवली. मुबश्शीरभाईंनी गॅलरीची खोली लावली. काचेचं दार, निळं पाणी, दोन खुर्च्या. मला त्यातलं काहीही आवडलं नाही. मी म्हटलं, सोमवारी कळवते.

६

सोमवारी दुपारी भीमराज नवी बॅग आणायला बाजारात गेले. मी फोन टीव्हीपाशी ठेवला आणि मधल्या खोलीच्या माळ्यावर जुनी सूटकेस आहे का बघायला गेले. टीव्ही बंद होता. हे मी मुद्दाम सांगते, कारण नंतर मी स्वतःला वेगळं सांगायचा पुष्कळ प्रयत्न केला.

स्टुलावर चढले तेव्हा मागं दार लागलं. वाऱ्यानं लागतं कधीकधी. पण मग कडी सरकली. लोखंड लोखंडावर घासत जातं तो आवाज. आमची कडी घट्ट आहे, दोन हातांनी ओढावी लागते.

"अहो!" मी हाक मारली. "भीमराज! चेष्टा पुरे झाली हं."

मी दार ढकललं, हलेना. बल्ब चालू होता, पण त्या खोलीत उकडतं किती ते मला आयुष्यात पहिल्यांदा कळलं. वर्षभर एक म्हातारं माणूस तिथं होतं आणि मी आत उभी राहून कधी पाच मिनिटं काढली नव्हती. माझ्या घशाला कोरड पडली. फडताळातला ग्लास घेतला आणि दारावर वाजवला. कसा वाजवायचा ते हाताला माहीत होतं. टक टक, थांबून टक.

बाहेर टीव्ही सुरू झाला.

कुठली तरी मालिका. मी आणखी जोरात वाजवलं. टीव्हीचा आवाज वाढला. मी ओरडले, आवाज आणखी वाढला. मी वाजवत राहिले, हात भरून आला तरी. मग मी दाराशी खाली बसले. दाराखाली दोन बोटं फट आहे. फरशीवर गाल टेकून मी त्या फटीतून बघितलं.

बैठकीची फरशी, त्यावर गॅलरीतून आलेलं ऊन. त्या उन्हातून दोन टाचा सावकाश चालत गेल्या. भेगा पडलेल्या, भेगांत काळी माती. भिंत धरून चालणाऱ्या माणसाची पावलं जशी पडतात तशी पडत होती. एक पाऊल, थांबून दुसरं. त्या गॅलरीकडं गेल्या. खुर्ची करकरली, कुणी पाय वर घेऊन बसलं की करकरते तशी.

मी डोळे मिटले. मी काही बघितलं नाही असं ठरवलं. मला भीती वाटत होती, पण त्याहून जास्त लाज वाटत होती. उठून "आत्याबाई" अशी हाक मारायला हवी होती आणि मला ती मारता आली नाही.

७

कडी भीमराजांनी काढली. आधी जाऊन टीव्ही बंद केला, मग दार उघडलं. हातात नवी बॅग तशीच होती, तिला दुकानाची चिठ्ठी लटकत होती. कडी कुणी लावली, असं त्यांनी विचारलं नाही. मला उठवलंही नाही. माझ्या हातातल्या ग्लासाकडं बघितलं आणि माझ्याशेजारी उंबऱ्यावर बसले.

"खाली गल्लीच्या तोंडाशी ऐकू आलं," ते म्हणाले.

"तिथवर ऐकू येतं?"

"येतं. त्या दिशीबी आलं व्हतं."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं.

"ड्यूटी लवकर सुटली व्हती," भीमराज सांगायला लागले. माझ्याकडं न बघता, समोरच्या फरशीकडं बघून. "टपरीपाशी आलो तर वरून ग्लासाचा आवाज. गॅलरीत तुझ्या हेडमास्तरीणबाई दिसल्या. म्हणलं, वर गेलो तर माय भायेर येईल, पाटीचं काढील, गावकुसाचं काढील. मलाच शरम वाटली, सरिता. माझ्या मायची. उभा ऱ्हायलो तिथंच. बाया उतरल्या, मग वर आलो. तवर तू कडी काढली व्हती."

"तुम्हाला कडीचं माहीत होतं?"

"व्हय."

"मग मला इतकी वर्षं विचारत होतात ते?"

"वाटायचं, तू एकदा बोलशील. मग मलाबी बोलता येईल." त्यांनी माझ्या हातातून ग्लास काढून घेतला, कोरलेल्या नावावरून अंगठा फिरवला. "तुला म्हाईत न्हाई, ते मला म्हाईत व्हतं. धरणावर बायांना रांग सोडू देत नसत. तहान लागली की पाटीवर खडा वाजवायचा. दोन, थांबून एक. मग पाणी घेऊन माणूस यायचा. माय पाणी मागत व्हती. एप्रिल व्हता."

मी रडले. काय सांगायचं त्याचं? आतापर्यंत मी जे केलं त्याला मनातल्या मनात 'दीड तासाचा प्रश्न' असं म्हणत आले होते. पाण्याचं माहीत नव्हतं, हेही आता सांगून काय उपयोग. म्हातारं माणूस दार वाजवतं तेव्हा कारण माहीत असावं लागतं का?

मग भीमराज म्हणाले, "आतलीच घेऊ आपण. गॅलरी नको आपल्याला."

"नकोच," मी म्हटलं. मला खरंच तसं वाटलं, आणि थोडं बरंही वाटलं. काहीतरी भोगून मोकळं व्हावं असं वाटलं.

मी फोन घ्यायला उठले. टीव्हीपाशी ठेवलेला फोन तिथं नव्हता. तो गॅलरीत होता, खुर्चीवर. खुर्ची रस्त्याकडं तोंड करून ठेवलेली. मी फोन उचलला तेव्हा खुर्चीची बैठक गरम लागली. उन्हानं असेल.

मुबश्शीरभाईंनी लगेच उचलला. मी म्हटलं, "आमची खोली ठरली. आतली द्या."

"हां मॅडम, टाकली की. आत्ता अर्धा तास झाला, अम्मांनी सांगितलं ना." ते खुशीत होते. "तुमच्या दोघांची आतली आणि गॅलरीची त्यांच्या एकटीची. नावपण टाकलं मी, पद्माबाई. बराबर ना?"

मी खुर्चीपासून दोन पावलं मागं सरकले.

"आणि मॅडम, तेच पुन्हा विचारत होत्या. तुमच्या खोलीला भायेरून कडी लागते का. मी कंपनीला फोन करून पक्कं विचारलं. म्हटलं, नाही अम्मा, जहाजावर कड्याच नसतात. तर म्हणाल्या, 'बरं. मी बघते.'"

मी फोन ठेवला. भीमराज मधल्या खोलीच्या उंबऱ्यावर तसेच बसले होते, ग्लास दोन्ही हातांत धरून.

"काय म्हणला?" त्यांनी विचारलं.

"आतली मिळाली आपल्याला," मी म्हणाले.